‘स्विंग अ कॅट’मधलं कॅट म्हणजे मांजरच, चाबूक नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांवर जो छोटा कॉलम येतो तो मी आवर्जून वाचते, कापून ठेवते आणि माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांना पण वाचायला देते, म्हणूनच हे पत्र लिहितेय आणि ते जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या. मागे एकदा त्यात ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ आला होता. अर्थ दिला होता की खूप गर्दी आहे, जागा नाही, आणि खाली ओरिजिन म्हणून लिहिलं होतं की यातलं कॅट म्हणजे मांजर नाहीच, तो ब्रिटिश नेव्हीतला नऊ दोऱ्यांचा चाबूक, जहाजाच्या खालच्या मजल्यावर छत इतकं बुटकं आणि माणसं इतकी दाटीवाटीने की चाबूक फिरवताच यायचा नाही, मग खलाशाला वर डेकवर आणून फटके द्यायचे, आणि तिथून हे बोलणं निघालं. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, क्विझमधे विचारली जाते, शिकवणारे पण सांगतात, आणि ऐकायला इतकी पटते की पुढे कोणी शोधायलाच जात नाही. पण शोधलं की ती टिकत नाही, कारण तारखाच जुळत नाहीत.

तारखा सांगते, सगळा मुद्दा तिथेच आहे. हा वाक्प्रचार छापलेल्या इंग्रजीत पहिल्यांदा सापडतो तो १६६५ सालच्या ‘मेडेला पेस्टिलेन्शिए’ नावाच्या पुस्तकात, लेखक रिचर्ड केफेल. पुस्तक प्लेगवरचं आहे, आणि १६६५ म्हणजे लंडनच्या त्या मोठ्या प्लेगचं वर्ष, ज्या वर्षी घरात एक जण जरी आजारी निघाला तरी अख्ख्या कुटुंबाला आत कोंडून दार बाहेरून बंद करायचे, दारावर लाल क्रॉस काढायचे, बाहेर पहारा बसवायचे आणि कित्येक आठवडे कोणाला बाहेर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तर या पुस्तकात केफेल लिहितो की त्यांना, लोकांच्या तोंडी आहे त्याप्रमाणे, मांजर फिरवण्याइतकीसुद्धा जागा नव्हती. ‘लोकांच्या तोंडी आहे त्याप्रमाणे’ हे मी घुसडलेलं नाही, त्याने स्वतः तिथे कंस करून ‘अकॉर्डिंग टू द वल्गर सेइंग’ असं लिहिलंय, आणि वल्गर म्हणजे तेव्हा अश्लील वगैरे काही नाही, साध्या माणसांचं, चारचौघांचं. म्हणजे १६६५ मधे हा वाक्प्रचार नवा नव्हता, लोक तो आधीपासूनच बोलत होते, किती आधीपासून ते सोडा, पण वाचणाऱ्याला तो समजावून सांगायची गरज लेखकाला वाटली नाही एवढं नक्की.

आता चाबूक. ‘कॅट-ओ-नाइन-टेल्स’ हे नाव लिखाणात पहिल्यांदा येतं १६८१ मधे, लंडनमधल्या एका खुनाच्या हकिकतींत, आणि जास्त पसरतं ते १६९५ मधे, विल्यम काँग्रीव्हच्या ‘लव्ह फॉर लव्ह’ या नाटकातून. त्यात बेन नावाचा खलाशी एका मुलीला म्हणतो की असं बोलणं समुद्रावर केलं असतंस तर पाठीवर कॅट-ओ-नाइन-टेल्स बसला असता. म्हणजे वाक्प्रचार १६६५ चा आणि चाबकाचं नाव १६८१ चं, मधे १६ वर्षं. आणि नुसतं ‘कॅट’ म्हणलं की चाबूक समजायचा ही पद्धत तर पूर्ण नाव रुळल्यावरचीच असणार.

यावर कोणी म्हणेल की लिखाणात १६८१ ला आलं म्हणून चाबूकच तेव्हा जन्मला असं थोडंच आहे, आधीपासून असेल की जहाजांवर. बरोबर आहे, असू शकतो, लिखाणात यायला बोलीतल्या शब्दांना वेळ लागतो. पण मग तोच नियम मांजराच्या वाक्प्रचाराला पण लावा ना, तो सुद्धा १६६५ च्या आधीचाच आहे, तसं लेखकच सांगतोय. दोन्ही मागे सरकवले तरी अंतर काही मिटत नाही, आणि चाबकातून वाक्प्रचार निघाला असं सांगणारा त्या काळातला एक कागद तरी पाहिजे, तो नाही. १६६५ च्या त्या वाक्यात जहाज नाही, खलाशी नाही, शिक्षा नाही. जागा कमी पडतेय एवढंच आहे.

ओरिजिन सांगणाऱ्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीकडून एक गोष्ट शिकावी असं मला मनापासून वाटतं. तिचा पहिला भाग १८८४ मधे निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं, एवढा वेळ का लागला तर प्रत्येक शब्द कुठल्या साली कुठल्या पुस्तकात कोणत्या वाक्यात आला ते त्यांनी शोधून लिहिलं, हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या, त्या चिठ्ठ्यांवरून अर्थ ठरवले, जुनं वाक्य आधी आणि नवं नंतर असं लावलं. त्यात कोणाला काय पटतं त्याला किंमत नाही, वाक्य कुठे आहे आणि साल काय एवढंच विचारतात. आपल्या कॉलममधे ओरिजिनच्या शेजारी साल कधीच नसतं, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. साल लिहायचं ठरवलं असतं तर ते लिहितानाच चाबकाची गोष्ट अडली असती.

चाबकाची गोष्ट लोकांना पटते त्यालाही कारण आहे, ते कारण खोटं नाही. नेव्हीच्या जहाजांवर जागा खरंच भयंकर कमी असायची, एका खलाशाच्या झुल्याला नियमाने १४ इंच रुंदी मिळायची, म्हणजे साधारण दीड वीत. रात्री अर्धे लोक ड्यूटीवर असायचे म्हणून प्रत्यक्षात शेजारचा झुला रिकामा असला तर जरा अंग टाकता यायचं, नाहीतर एकमेकाला चिकटूनच झोपायचं. आणि फटके पण खरे होते, नऊ गाठीच्या दोऱ्या, उघडी पाठ, लाकडी जाळीला बांधलेले हात. नेव्हीत ही शिक्षा शांततेच्या काळापुरती थांबवली १८७१ मधे आणि युद्धकाळातली १८७९ मधे, आर्मीतून ती १८८१ मधे गेली. म्हणजे गोष्टीतला एकेक तुकडा खरा आहे, फक्त ते तुकडे जोडून जी गोष्ट केलीय ती खरी नाही. आणि डेकवर फटके का द्यायचे याचं कारण सुद्धा त्या गोष्टीत चुकलंय, शिक्षा सगळ्या जहाजाने बघावी हाच तर हेतू असायचा, ‘ऑल हँड्स टू विटनेस पनिशमेंट’ अशी हाक द्यायचे आणि सगळ्यांना वर गोळा करायचे. खाली चाबूक फिरत नाही म्हणून वर आणलं असं काही नव्हतं, खाली द्यायचा विचारच नव्हता. मग जिथे चाबूक कधी फिरवायचाच नाही त्या जागेचं माप कोणी चाबकाने कशाला सांगेल?

अशी गोष्ट बनवणं किती सोपं असतं ते दाखवायला मी शिकवताना मुद्दाम एक उदाहरण देते. १६६५ च्या प्लेगमधे लंडनच्या लॉर्ड मेयरने जे हुकूम काढले त्यात शहरात डुकरं, कुत्री, मांजरं, पाळीव कबुतरं आणि ससे ठेवायचे नाहीत असंही होतं, कारण त्यांच्यातून रोग पसरतो असा समज होता. आता हा खरा हुकूम आणि त्याच वर्षीचं केफेलचं खरं पुस्तक शेजारी ठेवायचं आणि म्हणायचं की बघा, लोक मांजरांना शेपटीला धरून घराबाहेर फेकायचे, आणि लहान घरात तेवढं पण करता यायचं नाही, त्यातूनच वाक्प्रचार आला. दोन्ही कागद खरे, साल एकच, मांजर दोन्हीकडे, चाबकाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी घट्ट बसते ना ही गोष्ट? आणि तरी ती मी आत्ता जुळवलेली आहे, तिला काडीचा पुरावा नाही. मुलं हे ऐकून गप्प होतात, आणि मग पुढच्या वेळी कोणी ओरिजिन सांगितलं की स्वतःहून विचारतात, साल काय. मला एवढंच पाहिजे असतं.

बाकीचे अंदाज पण आहेत, ते पटकन सांगते. ब्रूअरच्या म्हणी-वाक्प्रचारांच्या जुन्या डिक्शनरीत असं दिलंय की मांजराला टांगून झुलवत ठेवायचे आणि त्याच्यावर नेम धरायचे, असा खेळ होता. असले क्रूर खेळ होते हे खरं आहे, शेक्सपिअरच्या १६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधे बेनेडिक म्हणतोच की मला मांजरासारखं बाटलीत घालून टांगा आणि माझ्यावर बाण मारा. पण त्या वाक्याचा जागेच्या टंचाईशी काही संबंध नाही, त्यामुळे तिथून हा वाक्प्रचार आला असंही खात्रीने म्हणता येत नाही. कोणी म्हणतं कॅट म्हणजे मुळात कॉट, झुलता पलंग. त्यालाही आधार नाही. आणि जे लोक चाबकाची गोष्ट सांगतात तेच ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ला पण तोच चाबूक लावतात, पिशवीतून चाबूक काढला म्हणे, पण त्याचा अर्थ गुपित फुटणं असा आहे आणि सगळ्या जहाजासमोर पिशवीतून चाबूक काढण्यात गुपित कसलं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हा वाक्प्रचार पुढच्या दोनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी लिहिला त्यांनी तो कशासाठी वापरला ते बघा. १७७१ मधे टोबायस स्मॉलेटच्या ‘हम्फ्री क्लिंकर’मधे मॅथ्यू ब्रॅम्बल नावाचा खेड्यातला जमीनदार लंडनला येतो आणि पत्रात लिहितो की मी इथे घाणेरड्या भाड्याच्या खोल्यांमधे कोंडलोय, मांजर फिरवायला जागा नाही. घरी त्याला ऐसपैस जागा आणि मोकळी हवा असते, म्हणून त्याचा जीव इथे घुसमटतो. मग डिकन्स, ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’, १८४९ ते १८५० मधे हप्त्याहप्त्याने आलेली कादंबरी. डेव्हिडच्या आत्याचे, म्हणजे खरं तर त्याच्या वडिलांच्या आत्याचे, पैसे बुडालेत, बरोबर तिच्याकडे राहणारा मिस्टर डिक आहे, त्याला झोपायला एक छोटीशी खोली घेतलीय. मिसेस क्रप नावाची डेव्हिडची घरमालकीण त्याला सांगते की त्या खोलीत मांजर फिरवायला जागा नाही, आणि मिस्टर डिक पलंगावर बसून डेव्हिडला म्हणतो की मला कुठे मांजर फिरवायचंय, मी कधी मांजर फिरवतच नाही, मग मला काय फरक पडतो. तो निरागस माणूस आहे, त्याला खोली मिळाली याचाच आनंद आहे. मिसेस क्रप बोलते ते भाषेच्या सवयीने आणि मिस्टर डिक ऐकतो ते अक्षराला अक्षर धरून, आणि दोघांच्याही डोक्यात मांजर म्हणजे चार पायांचं मांजरच आहे, चाबूक कोणाच्याच मनात नाही.

आणि मार्क ट्वेन. हा पुरावा मला सगळ्यात पक्का वाटतो कारण तो चक्क जहाजावरचा आहे. १८६७ मधे तो ‘क्वेकर सिटी’ या जहाजाने युरोप आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेला आणि १८६९ मधे ‘द इनोसंट्स अब्रॉड’ लिहिलं, त्यात आपल्या केबिनचं वर्णन करताना तो म्हणतो की एवढं सामान असूनही गोल वळायला जागा होती, पण मांजर फिरवायला नव्हती, निदान मांजराला धक्का न लागता तरी नाही. जहाज आहे, केबिन आहे, समुद्र आहे, चाबूक आठवायचाच असता तर याच्यापेक्षा योग्य जागा नाही, आणि तरी ट्वेनला काळजी आहे ती मांजराची.

भाड्याची खोली, उसनी जागा, जहाजाची केबिन, आणि सगळ्यात आधी प्लेगच्या वर्षातलं पुस्तक. म्हणजे हे बोलणं अशा माणसांचं आहे ज्यांना लहान जागेत राहावं लागलं, ज्यांच्या हातात ती जागा मोठी करणं नव्हतं. चाबकाची गोष्ट आली की ही माणसं पुसली जातात आणि मुलांच्या डोक्यात राहतो तो नेव्हीतला शिक्षा देणारा. मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता अर्थाबद्दल. कॉलममधे अर्थ ‘खूप गर्दी’ असा दिला होता आणि वाक्यात उपयोग म्हणून भरलेल्या बसचं वाक्य होतं. हे अगदी चूक म्हणणार नाही, इंग्रजी बोलणारे कधीकधी गर्दीलाही वापरतात, पण याचा मूळ आणि नेहमीचा वापर खोलीच्या आकाराबद्दल आहे. खोलीत एकही माणूस नसेल, सामान नसेल, तरी तिथे ‘यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन देअर’ म्हणता येतं कारण भिंतीच जवळ आहेत. माणसं कोंबलेली असतील तर इंग्रजीत ‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’ जास्त बरोबर, तिथे जागेचा आकार केवढा का असेना, माणसं जास्त झालीत. हा फरक आपल्या मराठीत किती छान आधीपासून आहे बघा, मुंगी शिरायला जागा नाही, तीळ ठेवायला जागा नाही, पाय ठेवायला जागा नाही हे सगळं आपण गर्दीला आणि पसाऱ्याला म्हणतो, रिकाम्या लहान खोलीत शिरून कोणी तीळ ठेवायला जागा नाही असं म्हणत नाही. तिथे आपण म्हणतो, खोली कसली, खुराडं आहे, काडेपेटी आहे, कूस बदलायला जागा नाही, धड हातपाय पसरता येत नाहीत. म्हणून ‘स्विंग अ कॅट’ला मराठीत ‘मुंगी शिरायला जागा नाही’ असं देऊ नका, ‘हातपाय पसरायला जागा नाही’ असं द्या, ते मापाला माप बसतं, कारण इंग्रजीत पण हात लांब करून फिरवायचीच कल्पना आहे. आणि कृपा करून ‘मांजर फिरवायला जागा नाही’ असं सरळ मराठी करून बातम्यांमधे वापरू नका, हल्ली तसंही दिसायला लागलंय आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही.

वापरताना आणखी दोन-तीन गोष्टी मुलांना सांगाव्या लागतात. हा जवळजवळ नेहमी नकारातच येतो, देअर इझन्ट रूम, नॉट इनफ रूम, बेअरली रूम, असं. होकारात कोणी म्हणलंच तर मुद्दाम उलटवून, घर चांगलं मोठं आहे हे सांगायला. हा बोलण्यातला आहे, घरचं पत्र, गप्पा, कथा यात चालतो, सरकारी अर्जात किंवा रिपोर्टमधे नको. आणि घर विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तो कधी येत नाही, त्यांचे शब्द ‘कॉम्पॅक्ट’ आणि ‘कोझी’, बघायला गेलेला माणूस बाहेर येऊन म्हणतो तेव्हा मांजर निघतं. अमेरिकेत अजून एक वेगळा प्रयोग आहे, ‘यू कान्ट स्विंग अ डेड कॅट विदाउट हिटिंग’ आणि पुढे एखादी गोष्ट, म्हणजे ती गोष्ट इथे पावलोपावली आहे, जिथे बघावं तिथे तीच. शब्द तेच दिसतात म्हणून मुलं दोन्ही एकच समजतात, पण तिथे जागा कमी असण्याचा काही संबंध नाही, उलट गाव केवढंही मोठं असू शकतं. हे कॉलममधे यायला पाहिजे होतं, परीक्षेत यावरच घोळ होतो.

मुलं अजून एक विचारतात, मोठी माणसं विचारत नाहीत. मांजराला का फिरवायचं? मी सांगते की कोणी खोली मापायला खरोखर मांजर फिरवत होतं याला पुरावा नाही, हे मनातलं माप आहे, घरात सहज असणारा प्राणी घेतला आणि जागेचा अंदाज सांगितला. पण मनातलं असलं तरी माप किती योग्य आहे ते करून बघा. माणसाचा हात साधारण दोन फूट धरा, पुढे मांजराची लांबी दीड फूट धरा, हात लांब करून गोल फिरवला तर साधारण सात फुटांचा गोल होतो. आता इंग्लंडचा आजचा कायदा घ्या. तिथे एकाच घरात वेगवेगळे भाडेकरू राहतात अशा लायसन्सवाल्या घरांसाठी १ ऑक्टोबर २०१८ पासून नियम आहे की एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीचं क्षेत्रफळ कमीत कमी ६.५१ चौरस मीटर पाहिजे, म्हणजे साधारण ७० चौरस फूट, दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर, आणि ४.६४ चौरस मीटरपेक्षा लहान खोली झोपायला द्यायचीच नाही. ७० चौरस फूट म्हणजे सात फूट बाय दहा फूट खोली, तिच्यात तो सात फुटांचा गोल बरोबर भिंतीला टेकून बसतो आणि पलंग ठेवला की बसत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांनी जे डोळ्यांनी आणि हातांनी सांगितलं ते आज कायद्याच्या आकड्याच्या इतकं जवळ यावं याचं मला फार कौतुक वाटतं, कायदा करणाऱ्यांनी मांजर डोक्यात धरलं असेल असं मी म्हणत नाही, पण माणसाला हात फिरवण्याइतकी जागा लागते हे दोन्हीकडे आहे.

जाता जाता दुसऱ्या एका वाक्प्रचाराबद्दल, कारण कॉलमचा विषय कोंदट जागांचाच चाललाय तर तो कधीतरी येणारच. इंग्रज लोक कोंदट, माणसांनी भरलेल्या खोलीला ‘लाइक द ब्लॅक होल ऑफ कॅलकटा’ म्हणायचे, जुन्या पुस्तकांत सर्रास सापडतं. तो छापताना मात्र फार जपून. मांजराच्या वाक्प्रचाराला मागून खोटी गोष्ट चिकटली, इथे मुळात खरी घटना आहे आणि आकड्यांवर वाद आहे. २० जून १७५६ च्या रात्री सिराज-उद-दौलाच्या सैन्याने फोर्ट विल्यम घेतल्यावर कैद्यांना तिथल्याच एका कोठडीत कोंडलं, त्यातून वाचलेल्या हॉलवेलने लिहिलं की १४६ जणांना कोंडलं आणि त्यातले १२३ मेले. कोठडी साधारण १८ फूट बाय १५ फूट. म्हणजे माणशी दोन चौरस फूटसुद्धा नाही, त्यामुळे १४६ हा आकडा कसा मानायचा हा प्रश्न इतिहासकारांनी विचारला, १९१५ मधे जे. एच. लिटल याने हॉलवेलच्या खरेपणावरच लेख लिहिला, नंतरच्यांनी आकडा बराच खाली आणला. माणसं मेली हे कोणी हलकं घेऊ नये, पण तो मोठा आकडा इंग्रजांनी आपली सत्ता योग्य ठरवायला वर्षानुवर्षं वापरला, कर्झनने तिथलं स्मारक संगमरवरात परत उभारलं आणि सुभाषबाबूंनी त्याच्याविरुद्ध आंदोलन उभं केलं तेव्हा १९४० मधे ते रस्त्यावरून हलवावं लागलं. एवढं सगळं मागे असलेला वाक्प्रचार ‘अर्थ: कोंदट खोली’ असं एका ओळीत छापू नका, एवढी विनंती.

तर माझं मागणं असं आहे. पुढच्या कॉलममधे ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ परत घ्या, १६६५ आणि १६८१ ही दोन्ही सालं छापा, चाबकाची गोष्ट ही नंतर जोडलेली आहे असं स्पष्ट लिहा, आणि वाक्यात उपयोग करताना बसऐवजी खोलीचं वाक्य द्या, ‘माय रूम इज सो स्मॉल दॅट यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन इट’ एवढं साधं चालेल. इथून पुढे प्रत्येक ओरिजिनशेजारी साल आणि पुस्तकाचं नाव द्या, मिळत नसेल तर ओरिजिन देऊच नका, नुसता अर्थ आणि उपयोग दिला तरी मुलांचं काम भागतं. आणि हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांनाही एक विनंती, ‘याचं मूळ सांगा’ असा प्रश्न टेस्टमधे घालून ज्या मुलाने चाबूक लिहिला नाही त्याचे मार्क कापू नका. आपल्या कॉलमचं कात्रण दाखवून असे मार्क कापलेले मी बघितलेत, आणि त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं.

आपली,
इंग्रजीची शिकवणी घेणारी एक वाचक